डोळे घरातच असतात

आमच्या रायपुरातल्या तात्यापाऱ्यात कोणी वारलं की गजभियेकाका सांत्वनाला जातात आणि भांडून परत येतात.

तेरवी असो की पुण्यानुमोदन, त्यांना बोलावणं लागत नाही. बाकीचे लोक फोटोपुढे हात जोडतात, फूल वाहतात आणि सतरंजीवर बसून घेतात. काका चपला काढतात ते थेट फोटोकडे जातात. हारासकट तो उचलतात, खिडकीपाशी नेतात, उजेडात तिरपा धरतात आणि भरल्या घरात विचारतात, "हे डोळे कोणाचे हायेत?"

"बाबूजींचेच आहेत, काकाजी," घरातलं कोणीतरी चाचरत म्हणतं.

"बाबूजीले मी रोज पानठेल्यावर पाहत होतो. हे त्याचे नाहीत. कोणाचे हायेत ते सांगा."

रडून रडून डोळे सुजलेल्या माणसांनी यावर काय सांगायचं? कोणी चिडतं, कोणी तोंडाला पदर लावून हसतं, एखादा जावई पुढे होऊन "अंकल, आप बैठिए ना" म्हणत त्यांच्या हातून फोटो काढून घेतो. काका बसत नाहीत, चहाला हात लावत नाहीत. "मेलेल्या माणसाची बेइज्जती करून राहिले," असं मोठ्याने म्हणत बाहेर पडतात आणि आमच्या ओट्यावर येऊन उरलेलं भांडण माझ्याशी करतात. मी तेव्हा नुकतीच शाळेतून, पोरांवर दिवसभर ओरडून आलेली असते. मग आमचं जुंपतं. माझा नवरा रेल्वेत आहे. तो म्हणतो, तुम्हा दोघांपुढे इंजिनाचा भोंगासुद्धा ऐकू येणार नाही.

काका टचिंगवाले. टचिंग म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं, याचाच मला पहिल्यांदा राग येतो. सदर बाजाराच्या तोंडाशी एक फोटो स्टुडिओ होता. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. त्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी, काकांनी उभी हयात काढली. फोटो काढणारा वेगळा होता. काकांचं काम फोटो निघाल्यावर सुरू व्हायचं. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने देवीचे व्रण बुजवायचे, छापलेल्या फोटोत बारीक ब्रशने रंग भरायचे, मागची मोडकी भिंत सरळ करायची, उडालेले केस बसवायचे. याला टचिंग म्हणत. मुलीचा फोटो मुलाकडे पाठवायचा असला की आधी तो काकांच्या हाताखालून जायचा. एकदा एका मुलीच्या बापाने तिरळा डोळा सरळ करून मागितला. काकांनी फोटो त्याच्या अंगावर भिरकावला. "डाग बुजवतो मी. लग्नाच्या दिवशी ती पोट्टी नवऱ्याकडे या सरळ डोळ्यानं पाहीन काय?"

कपड्यांच्या बाबतीत मात्र त्यांचं धोरण ढिलं होतं. स्टुडिओत एकच काळा कोट होता. येणारा प्रत्येक पुरुष तोच घालून बसायचा. कोट विरून फाटला, तेव्हा काका तो रंगवायला लागले. सदऱ्यातला माणूस आणा, नुसत्या बनियनमधला आणा, काका त्याला कोट चढवत. रुंद कॉलर, डाव्या खिशात रुमालाचं टोक. ब्राह्मणपाऱ्यातल्या घरांत जा, आमच्या वस्तीत या, भिंतीवरचे अर्धे आजोबा त्याच कोटात आहेत. जात वेगळी, पूजा वेगळी, कोट एक. मी एकदा त्यांना यावरून टोचलं, तर म्हणाले, "कोट खोटा चालते. डोळा खोटा चालत नाही."

डोळ्यांची गोष्ट अशी. पूर्वी पुष्कळ माणसं जन्मात एकदाही फोटो न काढता जायची. मग घरच्यांना हुरहुर लागायची. प्रेत उचलायच्या आधी स्टुडिओवाल्याला बोलावणं यायचं. गेलेल्या माणसाला भिंतीला टेकवून बसवायचे, डोक्याला टोपी नाहीतर पदर, आणि फोटो. मिटलेल्या डोळ्यांचा. तो काकांकडे यायचा. त्यावर डोळे उघडे काढून द्यायचे काम त्यांचं होतं, आणि रायपुरात ते करणारा दुसरा माणूस नव्हता.

पण काढायचे तरी कसे? माणूस गेलेला, उघड्या डोळ्यांचा फोटो नाही, काकांनी त्याला कधी पाहिलेलं नाही. म्हणून काका त्याच्या घरी जात. कोपऱ्यात बसून राहत. रडणारी, वाढणारी, हिशोबावरून कुरकुरणारी सगळी माणसं न्याहाळत. मधेच एखाद्या नातवाची हनुवटी धरून त्याला उजेडाकडे वळवत. "मेलेल्याचे डोळे कुठं जात नाहीत," ते म्हणत, "घरातच असतात. कोणाच्या तरी तोंडावर." कोणाच्या ते सापडलं की त्या माणसाला खिडकीपाशी बसवून त्याच्यावरून चित्र काढायचं. असे काढलेले डोळे पाहून बायका फोटोशी बोलायला लागायच्या, हे मी माझ्या सासूकडून ऐकलं आहे.

ब्राह्मणपाऱ्यातल्या एका म्हातारीचा किस्सा तर अजून सांगतात. तिला चार मुलगे. आईचे डोळे आपल्यातच आहेत, यावरून चौघांत वाद. काकांनी चौघांना पाहिलं, मुलींना पाहिलं, नातवंडं पाहिली आणि स्वयंपाकघरात बोट दाखवून म्हणाले, "ते तिकडे हायेत." तिकडे थोरली सून पोळ्या लाटत होती. घरात एकच गहजब झाला. सासू-सुनेचं आयुष्यात एक दिवस पटलं नव्हतं. शिवाय सून परक्या घरची, रक्ताचा संबंध काय? काका सगळ्यांवर ओरडले. "भांडाले समोरासमोर पाहावं लागते! ह्या दोघी जन्मभर एकमेकीच्या डोळ्यात पाहून राहिल्या. तुम्ही चौघं कुठं पाहत होते बे?" सुनेला खिडकीत बसवून फोटो पुरा झाला. आईचाच होता, चौघांनीही मान्य केलं. त्या फोटोचा हार पुढे फक्त ती थोरली सून बदलत असे.

माझी आणि काकांची ओळख मात्र आमच्याच घरच्या फोटोवरून झाली, आणि ओळख कसली, मारामारी व्हायची बाकी होती. माझे सासरे गेले. हल्ली फोटोंना तोटा नाही म्हणतात, पण सासऱ्यांचा एकुलता एक बरा फोटो एका लग्नातला होता, आणि त्यात ते पंगतीत बसून वरणभाताकडे पाहत होते. माझा नवरा तो घेऊन मोबाईलच्या दुकानात गेला. दुकानदाराने कुठल्याशा ॲपमध्ये टाकून चुटकीसरशी सासऱ्यांच्या पापण्या वर केल्या, सुरकुत्या पुसल्या, वर एक मंद हसू फुकट दिलं; खालचं वरणभाताचं ताट तेवढं तसंच राहिलं. जन्मभर मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात ऊन खाल्लेला माणूस साबणाच्या जाहिरातीतला दिसायला लागला. मला ते खटकलं होतं. पण घरात पाहुणे, मोठ्या पातेल्यात भाजी, कोणाला काय बोलणार?

आणि ऐन पुण्यानुमोदनाच्या दिवशी हे गृहस्थ आत आले, फोटो उचलला आणि खिडकीकडे चालायला लागले.

"हा कोण हाय?"

"माझे सासरे आहेत. ठेवा तो खाली."

"तुहा सासरा? हा तर हिरो हाय. तो माणूस भाताकडे पाहून राहिला होता. हा कोणाकडे पाहून राहिला?"

मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकांनीही मागे सरकून ऐकून घेतलं नाही. भंतेजी बिचारे अर्ध्या गाथेत थांबले. शेवटी काकांनी माझ्या नवऱ्याकडे बोट केलं. "सासऱ्याचे डोळे याच्यात हायेत. पण आता नाहीत. याले जेवाले वाढ, मग दाखवतो."

मी रागारागाने ताट आपटलं. नवरा गरीब माणूस, घाबरून जेवायला लागला. त्याने वरणभात कालवला, पहिला घास उचलला, आणि खरं सांगते, माझा हात तोंडावर गेला. खाली झुकलेल्या पापण्या, एक जरा जड, आणि खालून वर पाहायची ती अर्धवट लबाड नजर. सासरे पंगतीत बसले होते.

पुढचे कित्येक दिवस माझा नवरा ड्युटीवरून आला की खिडकीत बसून वरणभात खायचा आणि काका समोर बसून रंगवायचे. "चावू नको. नुसता पाहत राय." वजन वाढलं त्याचं. पण तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. कोटात आहे, अर्थात. डोळे मात्र माझ्या सासऱ्यांचे आहेत. मी भाजीत मीठ जास्त घातलं की ते माझ्याकडे बघतात.

तेव्हापासून काका आमच्या ओट्यावर. बायको तरुणपणीच गेलेली, मूलबाळ नाही, राहायला गल्लीच्या टोकाला एक खोली. रोज संध्याकाळी येणार, चहा पिणार, चहाला नावं ठेवणार आणि मग तंटा. कशावरून? कशावरूनही. मी म्हणायची, लोकांच्या दुःखात जाऊन फोटो उतरवणं हा माणुसकीला सोडून प्रकार आहे. ते म्हणायचे, खोटा माणूस भिंतीवर टांगणं हा कोणता प्रकार हाय? मी म्हणायची, काळ बदलला. ते म्हणायचे, काळ बदलला म्हणून बापाचे डोळे बदलते काय? माझ्या मुलीला कॉलेजातून आल्यावर आमचा आवाज गल्लीच्या वळणावरच ऐकू यायचा. "मम्मी, आप दोनों एक जैसे घूरते हो," ती म्हणायची. मी तिला मराठीत बोल म्हणून झापायची आणि मूळ मुद्दा राहून जायचा.

मग मागच्या हिवाळ्यात त्या मॅडम आल्या.

कुठल्याशा संस्थेचा जुन्या कारागिरांचं ज्ञान जतन करण्याचा उपक्रम होता. चांगलं काम आहे, नाही कोण म्हणतो. मोठा कॅमेरा, दिवे, छत्र्या असं सगळं लटांबर काकांच्या खोलीत शिरलं. काका दाढी करून बसले होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. एवढी वर्षं सांगायचं साठून राहिलेलं, आज कोणीतरी ऐकायला आलं म्हणून माणूस नुसता उजळला होता.

"अंकल जी, ज़रा ब्रश पकड़ के दिखाइए," मॅडम म्हणाल्या.

काकांनी ब्रश धरला. "पहिले घरी जावं लागते," त्यांनी सुरुवात केली. "घरात जाऊन पाहावं लागते का डोळे कोणाच्या..."

"जी, जी, वो बाद में. हाथ थोड़ा ऊपर. बस, ऐसे ही."

दुपार गेली हात वर, हात खाली करण्यात. काका मधूनमधून "घरी जावं लागते" पर्यंत पोचायचे, तेवढ्यात दिवा सरकायचा. निघताना मॅडमनी त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं आणि ब्रश व पेन्सिली मागून घेतल्या. काचेच्या पेटीत ठेवणार होत्या. काकांचा पारा चढला. "ब्रश काहून ठेवता काचेत? ब्रश बाजारात भेटते! पाहणं ठेवा ना काचेत!" मॅडम गोड हसल्या. त्यांना मराठी येत नव्हती. आठवण म्हणून काकांचा एक फोटो काढला आणि गाडी गेली.

पुढे ती फिल्म मोबाईलवर आली. नुसते हात. सतारीचं संगीत आणि हात. मी मॅडमना फोन लावला आणि विचारलं, बाई, तुम्ही विहीर जतन करायला आलात आणि बादली घेऊन गेलात, याला काय म्हणायचं? त्या म्हणाल्या, आपकी भावनाएँ हम समझते हैं. मला काही समजायला नको होतं. मला तो माणूस ऐकून घ्यायला हवा होता. अजूनही तो फोन आठवला की माझ्या हातातला खडू मोडतो.

काकांनी दुसराच मार्ग काढला. मला न विचारता माझ्या बैठकीच्या खोलीत रविवारचा वर्ग जाहीर केला. "तुह्या घरी खिडकी चांगली हाय," एवढंच कारण. लग्नाचे फोटो काढणारी काही पोरं-पोरी आली. काकांनी त्यांना जोडीजोडीने समोरासमोर बसवलं आणि सांगितलं, एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहा. बस, पाहा. पोरं खिदळली. मग अवघडली. मग एकाने विचारलं, "अंकल, सॉफ्टवेअर कब सिखाओगे?"

"आधी सांग, हिची कोणती पापणी जड हाय?"

"दोनों सेम हैं, अंकल."

मी आत चहा गाळत होते. मला राहवलं नाही. आतूनच ओरडले, "अरे, डावी! डावी जड आहे तिची! आणि हसली की उजवा डोळा आधी मिटतो, दिसत नाही का तुला?"

मी चहा घेऊन आले तेव्हा काका माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिले. पुढच्या रविवारी कमी पोरं आली, त्याच्या पुढच्या रविवारी कोणीच नाही. काका मात्र आले. मी म्हटलं, वर्ग संपला काकाजी, जा आता. ते मान डोलवून म्हणाले, हव, आणि बसले.

याच सुमारास मला लागण झाल्याचं लक्षात आलं. भिलाईला नणंदेच्या घरी तिच्या सासूच्या कार्याला गेलो होतो. फोटोपुढे हात जोडले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हे डोळे कोणाचे हो?" नवऱ्याने माझं कोपर धरून मला बाहेर काढलं. गाडीत बसल्यावर मी त्याला म्हटलं, त्या बाईचे डोळे तिच्या धाकट्या पुतण्यात आहेत, मेल्यांना घरात असून दिसत नाहीत. नवरा म्हणाला, एक गजभिये कमी होता का? परत आल्यावर मी काकांना हे सांगितलं नाही. त्यांना आनंद झाला असता.

काकांची नजर तोवर उतरत चालली होती. मोतीबिंदू निघाला, पण मागचा पडदाच खराब झाला आहे, असं डॉक्टर म्हणाले. समोरचं, मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. त्यामुळे ते माझ्याशी बोलताना माझ्या कानाच्या पलीकडे पाहतात. भांडताना मोठी पंचाईत होते. माणूस भिंतीवर ओरडतोय असं वाटतं.

परवा दुपारी आले. हातात पाकीट. त्यातून त्यांनी मॅडमनी काढलेला तो आठवणीचा फोटो काढला. शाल, श्रीफळ, आणि डोळे घट्ट मिटलेले. काकांचे सगळेच फोटो तसे आहेत, मतदार कार्डावरसुद्धा. कॅमेऱ्याची बत्ती चमकली की त्यांच्या पापण्या आपोआप पडतात.

"हा लावशीन," ते म्हणाले. "मी गेल्यावर. पण डोळे उघडून लावजो. रंगवणारे भेटतात, नाही तर तो मोबाईलवाला करून देईन. फक्त त्याले सांगणारा पाहिजे, कोणाचे पाहून काढाचे."

मी म्हटलं, सांगेन की.

"काय सांगशीन?" काका एकदम भडकले. "माह्या घरी कोण हाय? अख्ख्या रायपूरचे डोळे मी त्याइच्या घरात शोधले. माहे कोणत्या घरात शोधशीन? खोलीत एक खाट हाय आणि एक स्टोव्ह. तो पोट्टा ॲपमधून कोणाचे तरी लावून देईन आणि तू त्याले हार घालशीन!"

ते रागावलेलेच होते, नेहमीसारखे. पण फोटो त्यांनी उलटा करून मांडीवर ठेवला. हा माणूस किती वर्षं हे मनात घेऊन लोकांच्या तेरव्या फिरत होता, या विचाराने मला असा संताप आला, असा संताप आला, की काही सुचेना.

"माझ्यात आहेत!" मी ओरडले. "तुम्हीच म्हणता ना, भांडायला समोरासमोर पाहावं लागतं? मग इतकी वर्षं मी काय भिंतीशी भांडले? पोरगी रोज सांगून राहिली, तुम्ही दोघं सारखे बघता म्हणून. तुम्हाला दिसत नाही का?"

काका उठले. चाचपडत माझ्यापाशी आले आणि हनुवटी धरून माझं तोंड खिडकीकडे वळवलं. मान वाकडी करून, नजरेची कड माझ्यावर आणत, ते पाहायला लागले. बोटांना चुन्याचा वास होता. माझे डोळे भरून आले.

"पाणी नको आणू," ते खेकसले. "पाण्यानं आकार बिघडते. रागावून पाह."

मला रागावता येईना. आयुष्यात पहिल्यांदा.

मग काका सावकाश म्हणाले, "एक सांगू काय, मास्तरीण? तुह्या सासऱ्याचा तो ॲपवाला फोटोच बरा होता. उगाच बदलला."

"काय?" मी उसळले. "काय म्हणालात? त्या साबणवाल्या थोबाडाला तुम्ही..."

"हां. आता. हालू नको."

त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, माझं दूध आत उतू गेलं, तरी हनुवटी सोडली नाही.

"हव," ते शेवटी म्हणाले. "हायेत."

मग ओट्यावर जाऊन बसले आणि चहाला इतका वेळ काहून लागून राहिला, म्हणून ओरडायला लागले.